मुक्त परवान्यांची नवी आवृत्ती कशासाठी? ठाण्यातल्या एका पुस्तिकेच्या निमित्ताने

नौपाड्यातल्या आमच्या आणि शेजारच्या चार-पाच सोसायट्यांच्या रहिवाशांनी मिळून गेल्या वर्षी पावसाळ्यापूर्वी एक पुस्तिका काढायचे ठरवले. तलावांच्या शहरात राहणाऱ्यांनी साठलेले पाणी, डास आणि डेंगी यांविषयी काय लक्षात ठेवावे, एवढाच तिचा विषय होता. चोवीस पाने, एका रंगातली छपाई आणि घरोघरी फुकट वाटप असा बेत होता. मजकूर जागतिक आरोग्य संघटनेच्या एका प्रकाशनातून मराठीत आणायचा होता, मासुंदा तलावाचे छायाचित्र विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहावरून घ्यायचे होते, परिसराचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवरून काढायचा होता आणि तलावांची यादी एका सार्वजनिक कार्यालयाने आपल्या संकेतस्थळावर ठेवलेल्या पीडीएफमध्ये होती. मुद्रिते तपासण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे छपाईच्या आदल्या आठवड्यात मी या चारही ठिकाणच्या तळटीपा वाचायला घेतल्या आणि चारही ठिकाणी चार वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या आढळल्या. त्या वेगळ्या का आहेत, हे समजून घेताना मुक्त परवान्यांच्या गेल्या वीसेक वर्षांच्या दुरुस्त्यांचा इतिहासच समोर आला. तो सोप्या शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

सुरुवात मुळापासून करावी लागेल, कारण 'इंटरनेटवर आहे म्हणजे सगळ्यांचे आहे' हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार एखादी मूळ कृती निर्माण होताच तिच्यावर हक्क उत्पन्न होतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, की कोपऱ्यात 'सर्व हक्क राखीव' असे छापावे लागत नाही. म्हणजे ज्या पानावर काहीच लिहिलेले नाही, ते पान कायद्याच्या दृष्टीने बंदच असते. मुक्त परवाना म्हणजे हक्कदाराने अनोळखी माणसांना आगाऊच लिहून ठेवलेले परवानगीपत्र होय. त्यात काय करता येईल, कोणत्या अटींवर करता येईल आणि काय करता येणार नाही, हे एकदाच सांगितलेले असते, म्हणून प्रत्येकाला पत्रव्यवहार करावा लागत नाही.

अशा परवानगीपत्रांचे सर्वांत प्रचलित नमुने क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे आहेत. ही संस्था २००१ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली आणि तिचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. ते चार अटींच्या जोडण्यांमधून तयार होतात. 'बाय' म्हणजे मूळ कर्त्याला श्रेय द्या. 'एसए' म्हणजे तुम्ही फेरफार करून नवी कृती केलीत, तर तीही त्याच अटींवर इतरांना द्या. 'एनसी' म्हणजे मुख्यतः पैसे मिळवण्यासाठी वापर करू नका, आणि 'एनडी' म्हणजे वाटा, पण बदललेले वाटू नका.

अडचण अशी की कॉपीराइटचा कायदा प्रत्येक देशाचा वेगळा असतो आणि इंटरनेट मात्र एकच असते. परवान्यांची पहिली आवृत्ती अमेरिकी कायद्याची भाषा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली होती. ती जर्मनीत किंवा जपानमध्ये कितपत टिकेल, अशी शंका येऊ लागल्यावर संस्थेने देशोदेशीच्या वकिलांकडून तो मजकूर त्या त्या देशाच्या कायद्यात बसेल असा पुन्हा लिहून घेतला. पन्नासहून अधिक देशांच्या अशा आवृत्त्या निघाल्या, भारतासाठी २.५ या आवृत्तीवर बेतलेला मजकूर तयार झाला. हेतू चांगला होता, पण परिणाम आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींसारखा झाला. आदर्श उपविधींचा नमुना सर्वांना एकच, पण प्रत्येक सोसायटी तो स्वीकारताना थोडाथोडा बदलते, आणि पाहुण्याने गाडी कुठे लावायची हे कळण्यासाठी शेवटी त्या सोसायटीचीच वही उघडावी लागते. तसे एकाच नावाच्या परवान्याखाली देशागणिक किंचित वेगळा मजकूर असे. दोन देशांतले साहित्य एकत्र करणाऱ्याने दोन्ही मजकूर वाचावेत, अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे कोणीच काही वाचणार नाही याची सोय करण्यासारखे होते.

२००७ च्या ३.० आवृत्तीत कोणत्याही एका देशाला न बांधलेला मजकूर आला, पण देशी आवृत्त्याही सोबत चालूच राहिल्या. खरा बदल २५ नोव्हेंबर २०१३ रोजी प्रसिद्ध झालेल्या ४.० आवृत्तीने केला. देशोदेशीच्या स्वतंत्र आवृत्त्या काढण्याची पद्धत तेव्हापासून थांबली. आता मजकूर एकच आहे आणि त्याची इतर भाषांत अधिकृत भाषांतरे होतात. या दोहोंतला फरक बारीक वाटला तरी महत्त्वाचा आहे. देशी आवृत्ती हा एक स्वतंत्र परवाना असतो, तर अधिकृत भाषांतर हा तोच परवाना असतो, फक्त दुसऱ्या भाषेत वाचलेला.

एकच मजकूर सगळ्या देशांत चालवायचा, तर प्रत्येक कायद्यातल्या मौनाचा विचार आधीच करून ठेवावा लागतो. आपल्याच कायद्याचे उदाहरण घेऊ. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये असे आहे की हक्क दुसऱ्याला देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजावी आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजावा. कलम ३०अ मुळे हीच गोष्ट परवान्यांनाही लागू होते. कोणी चांगल्या मनाने 'हे छायाचित्र कोणीही वापरावे' एवढेच लिहिले, तर सहाव्या वर्षी किंवा दुबईत राहणाऱ्या मराठी मंडळाला ती परवानगी उरते का, हा प्रश्न खुशाल उपस्थित होऊ शकतो. परवान्यात 'जगभरात', 'कॉपीराइटची मुदत असेपर्यंत', 'मागे घेता न येणारी' असे कंटाळवाणे शब्द येतात ते याचसाठी. घरी बसून स्वतःचा परवाना लिहू नये, असे मी सांगतो, त्यामागचे एक कारण हेच आहे.

४.० आवृत्तीने ज्या गोष्टी दुरुस्त केल्या, त्यांतली सर्वांत मोठी गोष्ट माहितीच्या संग्रहांची, म्हणजे डेटाबेसची आहे. युरोपीय संघाने १९९६ च्या एका निर्देशाने डेटाबेसला कॉपीराइटहून वेगळा, पंधरा वर्षांचा हक्क दिला. संग्रह करताना खर्च आणि मेहनत मोठी झाली असेल, तर त्यातली माहिती सर्जनशील नसली तरी तिचा मोठा भाग उचलता येत नाही. भारतात असा हक्क नाही. उलट सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोदक या खटल्यात असे म्हटले की नुसत्या श्रमाला कॉपीराइट मिळत नाही, त्यात किमान काही सर्जनशीलता असावी लागते. आता एखाद्या युरोपीय संस्थेने आपली आकडेवारी जुन्या परवान्याखाली खुली केली, पण त्या परवान्यात डेटाबेसच्या हक्काचा उल्लेखच नसला, तर तिने दाराचे एक कुलूप उघडले आणि दुसरे तसेच ठेवले, असा अर्थ होतो. ४.० मध्ये या हक्काचा स्पष्ट समावेश आहे, आणि तोही 'जिथे असा हक्क अस्तित्वात आहे तिथेच' या मर्यादेत; म्हणजे परवान्यामुळे भारतात नवा हक्क जन्माला येत नाही.

या फटीची किंमत ओपनस्ट्रीटमॅपने मोजली. जगभरातल्या स्वयंसेवकांनी काढलेला हा नकाशा आधी 'बाय-एसए २.०' या परवान्याखाली होता, पण रस्ते, तलाव आणि त्यांची नावे ही मुळात तथ्ये आहेत आणि कवितेसाठी शिवलेला अंगरखा त्यांना बसत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. १२ सप्टेंबर २०१२ पासून त्यांनी डेटाबेससाठीच लिहिलेला वेगळा परवाना घेतला. त्यासाठी जुन्या योगदानकर्त्यांची संमती मागावी लागली आणि ज्यांनी ती दिली नाही त्यांचे काम नकाशातून काढावे लागले. परवाना बदलणे हे पाटी बदलण्याइतके सोपे का नसते, ते यावरून दिसते. आम्हाला मात्र त्या नव्या परवान्याचा फायदाच झाला. त्यात माहिती आणि माहितीपासून काढलेले चित्र यांत फरक केला आहे. उपवन, कचराळी आणि मासुंदा दाखवणारा छापील नकाशा आम्हाला हव्या त्या अटींवर देता येतो, फक्त माहिती ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांची आहे असे तिथेच लिहावे लागते. मूळ माहितीत भर घालून नवा डेटाबेस जाहीरपणे वापरला असता, तर तो मात्र त्याच परवान्याखाली द्यावा लागला असता.

दुसरी दुरुस्ती लेखकाच्या नैतिक हक्कांची आहे. आपल्या कायद्याच्या कलम ५७ नुसार कॉपीराइट विकल्यानंतरही कर्त्याकडे दोन गोष्टी राहतात: कृतीला आपले नाव लावून घेण्याचा हक्क आणि प्रतिष्ठेला धक्का पोहोचेल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क. हे हक्क किती खरे आहेत, ते शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्या खटल्यात दिसले. दिल्लीच्या विज्ञान भवनातले त्यांचे भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून गोदामात टाकले. शिल्प सरकारच्या मालकीचे होते, तरीही दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. मुक्त परवान्याने फेरफाराला मुभा दिली आणि नंतर कर्त्याने नैतिक हक्काच्या आधारे तोच फेरफार अडवला, तर परवान्याला काय अर्थ उरतो? देशोदेशीच्या जुन्या आवृत्त्यांनी याची निरनिराळी उत्तरे दिली होती. ४.० चे उत्तर मध्यममार्गी आहे. परवान्याने दिलेली मोकळीक वापरता यावी एवढ्यापुरता, आणि कायदा परवानगी देईल तेवढाच, हक्कदार आपला नैतिक हक्क बजावणार नाही, असे त्यात म्हटले आहे.

बाकीच्या सुधारणा व्यवहाराच्या आहेत. पूर्वी अट मोडली की परवाना आपोआप संपत असे आणि तो परत मिळण्याची तरतूद नव्हती. श्रेयातली किरकोळ चूक हेरून भरपाईच्या नोटिसा पाठवण्याचा धंदाच काहींनी त्यावर उभा केला. ४.० मध्ये चूक लक्षात आल्यापासून तीस दिवसांत दुरुस्त केली, तर परवाना पूर्ववत होतो. श्रेय कसे द्यायचे याला माध्यमाप्रमाणे मोकळीक मिळाली आणि कृतीचे शीर्षक देण्याची सक्ती गेली. मात्र बदल केला असेल तर तसे सांगणे आता प्रत्येक वेळी बंधनकारक आहे. आम्ही मासुंद्याच्या छायाचित्राचे रंग काढून त्याची उजवी कड कापली होती, कारण तिथे कोणाच्या तरी स्कूटरचा क्रमांक दिसत होता. त्यामुळे छायाचित्राखाली 'मूळ छायाचित्र रंगीत. कड कापली आहे' अशी ओळ आली. आमच्या अक्षरजुळणी करणाऱ्याला ती अनावश्यक वाटली आणि त्याने ती दोनदा गाळली.

इथवर आलेले सगळे प्रश्न देशादेशांतल्या फरकाचे होते. पण जागतिक आरोग्य संघटना, युनेस्को किंवा जागतिक बँक या संस्था कोणत्याच एका देशाच्या नसतात. त्या करारांमधून निर्माण झालेल्या असतात आणि सदस्य देशांच्या न्यायालयांत त्यांच्यावर दावा चालू नये अशी मुभा त्यांना असते. सामान्य परवाना वापरला तर आपण कोणत्या तरी देशाच्या न्यायालयासमोर उभे राहायला तयार झालो असा अर्थ निघेल, ही त्यांची भीती होती. म्हणून २०१३ च्या अखेरीस त्यांच्यासाठी ३.० आवृत्तीवर बेतलेला 'आयजीओ' (इंटरगव्हर्न्मेंटल ऑर्गनायझेशन, म्हणजे आंतरसरकारी संस्था) हा खास प्रकार निघाला. त्यात वाद झाला तर आधी मध्यस्थी आणि मग संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारी कायदा आयोगाच्या नियमांनुसार लवाद, अशी वाट घालून दिली आहे आणि संस्थेच्या विशेषाधिकारांना हात लावलेला नाही.

आमच्या हातातले आरोग्य संघटनेचे प्रकाशन 'बाय-एनसी-एसए ३.० आयजीओ' या परवान्याखाली होते, आणि खरा घोळ तिथे झाला. एक म्हणजे भाषांतरासोबत ठरलेली सूचना द्यावी लागते: हे भाषांतर संघटनेने केलेले नाही, त्यातल्या मजकुराला किंवा अचूकतेला संघटना जबाबदार नाही आणि मूळ इंग्रजी आवृत्तीच प्रमाण मानावी. दुसरे, संघटनेचे बोधचिन्ह वापरता येत नाही. आमच्या मुखपृष्ठाच्या पहिल्या नमुन्यावर ते मोठ्या दिमाखात होते. तिसरी अडचण सर्वांत खोल होती. डासांच्या जीवनचक्राचे दोन परिच्छेद आम्ही मराठी विकिपीडियावरून घेऊन संघटनेच्या मजकुरात मिसळले होते. विकिपीडियाचा मजकूर 'बाय-एसए' आहे (२००९ मध्ये त्यांनी जुना सॉफ्टवेअर-पुस्तिकांचा परवाना सोडून हा घेतला आणि २०२३ मध्ये ४.० आवृत्तीकडे गेले). एक परवाना म्हणतो, 'नवी कृती माझ्याच अटींवर द्या आणि पैसे मिळवण्यासाठी वापरू देऊ नका'. दुसरा म्हणतो, 'नवी कृती माझ्याच अटींवर द्या आणि जास्तीची कोणतीही बंदी घालू नका'. दोन्ही एकाच वेळी पाळणे शक्य नाही. शेजारी शेजारी स्वतंत्र ठेवले तर तो संग्रह होतो आणि चालतो. एका परिच्छेदात कालवले तर चालत नाही. ते दोन परिच्छेद आम्ही वेगळ्या चौकटीत काढले. आणि 'एनसी' मुळे मागच्या मुखपृष्ठावरची एका पेस्ट कंट्रोलवाल्याची जाहिरातही काढली. छपाईखर्चाला हातभार लावण्यासाठी ती घेतली होती आणि त्यामुळे वापर व्यापारी ठरतोच असे नाही, पण डासांवरच्या पुस्तिकेत डास मारणाऱ्याची जाहिरात ठेवून 'आमचा हेतू व्यापारी नाही' असे म्हणायला मन धजेना.

आता सरकारी साहित्याकडे वळू. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून तयार केलेल्या कृतीवर तिथे कॉपीराइटच नसतो. आपल्याकडे तसे नाही. सरकार, सरकारी कंपन्या आणि कायद्याने स्थापन झालेल्या संस्था यांच्या प्रकाशनांवर साठ वर्षे हक्क राहतो. १९९२ मध्ये, म्हणजे नवी मुंबई महानगरपालिका सुरू झाली त्या वर्षी, प्रसिद्ध झालेल्या अशा एखाद्या अहवालावर २०५२ संपेपर्यंत कॉपीराइट असेल. राजपत्रातला मजकूर, न्यायालयांचे निकाल, विधिमंडळात मांडलेले समित्यांचे अहवाल यांच्या पुनर्मुद्रणाला कलम ५२ मध्ये सवलत आहे, पण तलावांच्या माहितीपत्रकाला ती मिळत नाही.

ही अडचण ओळखून अनेक सरकारांनी स्वतःचे परवाने लिहिले. ब्रिटनने २०१० मध्ये 'ओपन गव्हर्नमेंट लायसन्स' आणले. भारताने २०१२ मध्ये आकडेवारी खुली करण्याचे धोरण राजपत्रात प्रसिद्ध केले आणि २०१७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र परवाना दिला. तो उदार आहे. व्यापारी वापरालाही त्यात मुभा आहे आणि बदल्यात स्रोताचा उल्लेख तेवढा मागितला आहे. त्यातून वगळलेल्या गोष्टींची यादी वाचली की सरकारी मनात काय चालते ते कळते: वैयक्तिक माहिती, संवेदनशील माहिती, बोधचिन्हे आणि राजमुद्रा, पेटंट आणि व्यापारचिन्हे, ओळखपत्रे. शिवाय या परवान्याला भारतीय कायदा लागू होईल, असे शेवटी म्हटले आहे.

या चिंता खोट्या नाहीत. पण त्यांतल्या बहुतेकांची उत्तरे ४.० मध्ये आधीच आहेत: पेटंट आणि व्यापारचिन्ह त्यात दिले जात नाही, गोपनीयतेचे हक्क दिले जात नाहीत, सरकारचा पाठिंबा आहे असे भासवता येत नाही, मजकुराची हमी नाही. वेगळ्या परवान्याने सरकारला हाती लागते ते मुख्यतः 'कायदा आमचाच' हे वाक्य, आणि त्याची किंमत वापरणारा मोजतो, कारण त्याला आणखी एक मजकूर वाचून तो इतरांशी जुळतो का हे ठरवावे लागते. ब्रिटिश परवान्याच्या २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीने निदान आपण 'बाय ४.०' शी सुसंगत आहोत असे स्वतःच सांगून टाकले. युरोपीय आयोगाने तर २०१९ मध्ये आपल्या कागदपत्रांसाठी सरळ 'बाय ४.०' स्वीकारला. माझे मत त्याच बाजूने झुकते. ज्या कार्यालयाला खास कारण दाखवता येत नाही, त्याने नवा परवाना लिहू नये.

आमच्या चौथ्या कागदावर, म्हणजे तलावांच्या पीडीएफवर, यांपैकी काहीच नव्हते. तळाला फक्त 'सर्व हक्क राखीव' होते. केंद्राचा परवाना केंद्राच्या धोरणाखाली जाहीर होणाऱ्या माहितीसाठी आहे, तो प्रत्येक स्थानिक कागदाला आपोआप चिकटत नाही. म्हणून मी अर्ज घेऊन त्या कार्यालयात गेलो. टेबलावरचे गृहस्थ सज्जन होते. त्यांनी अर्ज वाचला, हसले आणि म्हणाले, "अहो काका, जनतेसाठीच तर टाकलंय ते. वापरा की बिनधास्त." मी म्हटले, "हेच एका ओळीत लिहून द्याल का?" त्यावर त्यांचा चेहरा बदलला. लिहून द्यायचे म्हणजे कोणाच्या सहीने, हा प्रश्न आला. तो वरच्या टेबलाकडे गेला आणि अर्जावर आवक क्रमांक पडून तो तिथेच राहिला. त्या गृहस्थांना दोष देण्यात अर्थ नाही. परवाना ठरवून तो पीडीएफच्या पहिल्या पानावर एका ओळीत छापणे हे निर्णय घेणाऱ्याचे काम आहे. ते झाले नाही की प्रत्येक टेबलावरच्या माणसाला ते स्वतःच्या जोखमीवर करावे लागते, आणि तो करत नाही.

शेवटी आम्ही मोदक खटल्याचाच आधार घेतला. तलावाचे नाव आणि तो कोणत्या भागात आहे ही तथ्ये आहेत, त्यांवर कोणाचा कॉपीराइट नाही. ती तेवढी घेऊन तक्ता आम्ही नव्याने बनवला, दोन रविवार फिरून नावे तपासली, आणि पीडीएफमधली सुरेख वर्णने व रेखाटने हळहळत सोडून दिली. भाषांतरित मजकुरावर मूळचाच आयजीओ परवाना ठेवला, विकिपीडियाच्या चौकटीवर आणि छायाचित्रावर 'बाय-एसए ४.०', नकाशाखाली योगदानकर्त्यांची ओळ. या नोंदींनी शेवटचे अर्धे पान घेतले. जाहिरात गेल्यामुळे मागचे मुखपृष्ठ कोरे राहिले होते. तिथे जून ते ऑक्टोबरच्या प्रत्येक आठवड्यासाठी एक चौकोन छापला, पिंप, कुंड्या आणि कूलर रिकामे केले की घरातल्या कोणीतरी कोरड्या दिवसाची खूण करायला.